रीफरवाले काका

या जगातली प्रत्येक गोष्ट नासायला निघालेली आहे, आणि माणसाच्या हातात तिला थोडा उशीर करण्यापलीकडे काही नाही, यावर इतका गाढ विश्वास असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. दूध नासतं हे तुम्ही-आम्हीही मानतो. काकांच्या मते दुधाची पावडरसुद्धा नासते, लोणचं नासतं, मध नासतो पण कुणाच्या लक्षात येत नाही, सोसायटीची नवी कमिटी तर पहिल्या मीटिंगलाच नासलेली असते. हे ते रागाने सांगत नसत. उद्या पाणी येणार नाही ही बातमी शेजाऱ्याला द्यावी, इतक्या शांतपणे सांगत. लांबोडका चेहरा, खाली ओघळलेल्या मिश्या आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक छोटा सुस्कारा. नवीन माणसाला वाटायचं, यांच्या घरात काहीतरी वाईट घडलेलं दिसतंय. तसं काही घडलेलं नसायचं. काकांचा तो रोजचा चेहरा होता.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मुलुंडला त्यांच्या सोसायटीत सगळे त्यांना 'रीफरवाले काका' म्हणतात. रीफर म्हणजे थंड राहणारा कंटेनर. चाळीस फूट लांबीची लोखंडी पेटी, तिच्या एका टोकाला शीतयंत्र. तिच्यात नाशिककडची द्राक्षं, सोलापूरची डाळिंबं किंवा गोठवलेली कोळंबी भरतात आणि ती पेटी जहाजावर चढून तीन-चार आठवडे समुद्र तुडवत परदेशात जाते. उरणच्या बाजूला अशा पेट्यांचं एक यार्ड आहे. तिथे काका मेकॅनिक होते. पेटी माल भरायला जाण्याआधी तिची तपासणी करायची, भरून आली की विजेला जोडायची आणि जहाजावर चढेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणच्या अलीकडे. गिरणी बंद पडली तेव्हा काका आयटीआयमध्ये फ्रिजदुरुस्ती शिकत होते. "बाबांचं नासलं तेव्हा मी टिकवायचं शिकत होतो," असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या तोंडून आलेला तो एकुलता एक विनोद असावा, आणि तो विनोद होता की नाही याचीही मला खात्री नाही.

बारावीनंतर मी सावंतवाडीहून शिकायला मुंबईत आले आणि तीन वर्षं मावशीकडे राहिले. त्यामुळे काकांचा फ्रिज मला माझ्या हस्ताक्षराइतका ओळखीचा आहे. रीफरच्या आतल्या भिंतीवर एक लाल रेघ असते. माल तिच्या वर रचायचा नाही, नाहीतर वरून हवा फिरत नाही. काकांनी तशीच रेघ घरच्या फ्रिजमध्ये मारली होती, तीही मावशीच्या नेलपॉलिशने. रेघेच्या वर कोथिंबिरीची काडी दिसली तरी ते ती खाली ठेवत. दोन भांड्यांमध्ये दोन बोटं जागा, भांडं आणि मागची भिंत यांत तीन बोटं. "हवेला चालायला वाट ठेव गो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की परीक्षेत दोन प्रश्नांच्या उत्तरांमध्येही मी भरपूर जागा सोडायला लागले. मावशीचं मात्र वेगळंच. फ्रिजचं दार सताड उघडं ठेवून, त्याच्यावर कोपर टेकवून ती माझ्याशी गप्पा मारायची. सासूची नक्कल, शेजारणीची भांडणं, अमक्याच्या बारशातली गंमत, सगळं तिथेच उभं राहून. हॉलमधून काकांचा आवाज यायचा, "दार." ती दार लावायची आणि गोष्टीतला महत्त्वाचा भाग आला की परत उघडायची. पस्तीस वर्षं त्यांचं भांडण एवढंच होतं. दुसऱ्या कशावरून भांडल्याचं मला आठवत नाही.

काका कुठल्याही वस्तूला तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू लावत. तळहाताला काम करून करून काही कळेनासं होतं, मागची कातडी खरं बोलते, असं त्यांचं म्हणणं. बाजारात कलिंगड असो, दुधाची पिशवी असो, नाहीतर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं कपाळ असो, काकांच्या उजव्या हाताची पाठ आधी तिथे टेकायची. स्टेशनजवळची भाजीवाली त्यांना म्हणायची, "घ्या ना काका, फ्लॉवरची नाडी बघून झाली असेल तर घ्या." ते घेत नसत. सुस्कारा सोडून म्हणत, "उन्हात उभा होता हा. आता संध्याकाळपर्यंतच." फ्लॉवर होता म्हणून ठीक. एकदा हाच निकाल त्यांनी आजारी माणसाच्या खोलीत दिला आणि मावशीने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

लग्नसमारंभात तर त्यांना आइस्क्रीमच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम झाला होता. तो ज्या दिवसापासून झाला तो दिवस मला आठवतो. बोरिवलीच्या एका हॉलमध्ये माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मुलाकडच्यांनी आइस्क्रीमची जबाबदारी हौसेने स्वतःकडे घेतली होती. काका कप घेऊन उभे राहिले, चमच्याने वरचा थर जरा खरवडला, तो उजेडाकडे धरून पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाच्या वडिलांना अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "हे एकदा विरघळून परत गोठलंय. खडे बघा. मधल्या वेळात काय झालं असेल, सांगता येत नाही." मागे रांग होती. रांग पांगली. नवरदेवाचे वडील लाल झाले. तेवढ्यात मावशी पुढे झाली, तिने दोन्ही हातांत दोन कप घेतले आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही संपवले. "मला असंच बर्फाळ आवडतं," ती म्हणाली. रांग परत लागली. घरी आल्यावर काका दोन दिवस तिच्याकडे काळजीने बघत होते. दुसऱ्या दिवशी रात्री तिने विचारलं, "काय बघताय सारखं? मला काही झालेलं नाही." काका म्हणाले, "अजून वेळ आहे."

त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत असा, की रीफर थंड करत नाही. लोकांना वाटतं, गरम माल आत टाकला की पेटी त्याला गार करील. ते तिचं काम नव्हे. माल आधीच गार होऊन यायला हवा, पेटी त्याला तसाच राखते, बस. हा सिद्धांत त्यांनी माझ्या लग्नाच्या वेळी वापरला. घाटकोपरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, सगळ्यांच्या पसंतीचा. जरासा तापट आहे, पण लग्नानंतर होईल शांत, असं मध्यस्थ म्हणत होते. सगळे माना डोलवत होते. काका कोपऱ्यात बसून होते. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "पेटी थंड करत नाही." पाहुण्यांना काही कळलं नाही. मला कळलं. मी नकार दिला. पुढे ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते तापट नाहीत, नुसते कोमट आहेत, आणि कांदिवलीला आमचा संसार बरा चालला आहे.

मावशी संध्याकाळी काका कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की पाण्याच्या तांब्याबरोबर एकच प्रश्न विचारायची, "आज कुठे गेली?" म्हणजे पेट्या. काका सांगायचे, डाळिंबं रॉटरडॅमला, कोळंबी जपानला, भेंडी दुबईकडे. त्यांचा मुलगा मंदार, माझा मावसभाऊ, याचं शाळेतलं नकाशांचं जुनं पुस्तक ती काढायची आणि ते गाव शोधायची. चष्मा कपाळावर ढकलून, पानावर अगदी नाक टेकवून. सापडलं की बोट ठेवून विचारायची, "इथे थंडी असेल ना आत्ता?" काका म्हणायचे, "पेटीत बाहेरचं काही कळत नाही." ती म्हणायची, "मी पेटीचं नाही विचारत, माणसांचं विचारते." तिने मुंबई आणि कोकण सोडून काही पाहिलं नव्हतं. "डाळिंबं माझ्यापेक्षा जास्त हिंडली," असं ती हसत सांगायची. काका हसत नसत. एकदा तिने यार्ड बघायचं म्हटलं, निदान जहाज तरी लांबून बघू या म्हणाली. काकांनी बायकामाणसांना आत सोडत नाहीत, ऊन फार असतं, बघण्यासारखं काही नाही, अशी तीन कारणं दिली. ती परत कधी म्हणाली नाही.

मग त्या कोळंबीचं प्रकरण झालं. मी तेव्हा शिकून नोकरीला लागले होते, पण शनिवार-रविवार मुलुंडलाच असायचे. एका मासळी कारखान्यातून गोठवलेल्या कोळंबीची पेटी ट्रेलरवर यार्डात आली. रस्त्यात पेटी डिझेलच्या जनरेटरवर चालते. पेटीच्या पडद्यावर उणे अठरा दिसत होतं, म्हणजे सगळं व्यवस्थित. काकांनी वाकून दारांच्या खाली पाहिलं. पाणी निथळायच्या भोकातून बर्फाची एक जाड कांडी खाली आली होती. पाणी गळायचं तर आधी आतलं वितळायला हवं. त्यांनी यंत्रातली नोंद काढून पाहिली, तर मध्ये सात तासांची नोंदच नव्हती. डिझेल वाचवायला जनरेटर कुणीतरी रस्त्यात बंद ठेवला होता आणि यार्ड जवळ आल्यावर परत लावला होता. काकांनी कागदावर लिहिलं, सात तास बंद.

साहेब खाली आले. "काका, आत्ता उणे अठरा आहे ना?"

"आत्ता आहे."

"मग झालं तर. जहाज उद्या आहे. ओके लिहून टाका."

"मधे वितळलीय साहेब. कुणीतरी खाणार ती."

"तुम्ही खाणार नाही, मी खाणार नाही. सही करा."

काकांनी पेन खिशाला लावलं आणि ते पुढच्या पेटीकडे गेले. अर्ध्या तासात दुसऱ्या कुणाची तरी सही झाली आणि पेटी जहाजावर चढली. महिन्याभराने काकांची बदली सुट्या भागांच्या गोदामात झाली. तिथे निवृत्त होईपर्यंत, चार वर्षं, ते रबराच्या पट्ट्या आणि स्क्रू मागेल त्याला काढून देत राहिले. मंदार तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. जेवताना तो म्हणाला, "बाबा, एक सही केली असती तर काय बिघडलं असतं? सगळ्यांना माहितीये हे असं चालतं." काका ताटावरून उठले, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. मावशी मंदारला म्हणाली, "त्यांना झोप लागली नसती रे. मग मलापण लागली नसती." पुढचे काही आठवडे काका मला माझ्या फोनवर बघायला सांगत, तिकडे कोळंबी खाऊन कुणी आजारी पडल्याची बातमी आहे का. मी शोधायचे. नाही म्हटलं की ते मान हलवत. पण त्यांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं कधी दिसलं नाही. त्या पेटीचं पुढे काय झालं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मंदार कॅनडाला गेला. काका निवृत्त झाले. मावशीचा संध्याकाळचा प्रश्न बंद झाला आणि मला वाटतं, तो बंद झाल्याचं दुःख तिला काकांपेक्षा जास्त झालं. दोघं गॅलरीत बसून असायची. ती बोलायची, ते ऐकायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका सकाळी गॅसवर चहा ठेवून मावशी ओट्याला टेकून खाली बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर समोरच्या इमारतीतलेच, ते धावत आले, पण त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी कांदिवलीहून रिक्षाने पोचले तोवर दहा वाजले होते. काका हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "गॅस मी बंद केला."

मंदारला फोन झाला. मिळेल ते विमान पकडलं तरी तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला पोचणार होता. सोसायटीतल्या मोठ्या माणसांनी हळूच सुचवलं की एवढं थांबू नये, उन्हाळा आहे, व्हिडिओवर दाखवता येतं. काका म्हणाले, "तो येईपर्यंत थांबायचं." मग कुणी हॉस्पिटलच्या शवागाराचं नाव काढलं. "नको. तिथलं दार दिवसातून किती वेळा उघडत असतील, सांगा मला," काका म्हणाले. सांगणाऱ्याने सांगणं सोडून दिलं. शेवटी सेक्रेटरींनी अॅम्ब्युलन्सवाल्याकडून ती पेटी मागवली. वर काच, खाली छोटा कॉम्प्रेसर, चाकांवर ढकलत आणतात ती. आम्ही मावशीला तिच्यात ठेवलं. अॅम्ब्युलन्सवाल्याने बटण दाबलं, पडद्यावर आकडा आला, चार. तो जायला निघाला.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी हाताची पाठ काचेच्या कडेला धरली आणि सावकाश पूर्ण कड फिरवली. पायाकडच्या कोपऱ्यात हात थांबला. "इथून हवा जातेय. रबर फाटलंय." मग आत जाऊन त्यांनी स्वतःचं थर्मामीटर आणलं आणि कडेने आत सरकवलं. पाच मिनिटांनी काढून बघितलं, अकरा. "पडदा चार दाखवतोय," ते म्हणाले.

"काका, सगळ्यांकडे हीच जाते. कुणाची तक्रार नाही," अॅम्ब्युलन्सवाला म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता.

"कोण करणार तक्रार?" काकांनी विचारलं आणि ते अवजारांची पेटी आणायला गेले.

पुढचा तासभर जे चाललं होतं ते बघून समाचाराला आलेल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. बायको गेलेला माणूस फरशीवर उताणा पडून तिच्या पेटीखाली पाना फिरवत होता. मी विजेरी धरून शेजारी बसले होते. आतल्या जाळीवर धुळीची गोधडी साठली होती, ती त्यांनी रंगाच्या ब्रशने खरवडून काढली. पेटी भिंतीला टेकवली होती, ती आम्हाला वीतभर पुढे ओढायला लावली. फाटलेल्या रबराच्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "डोक्यावर परिणाम झालाय." काकांना ऐकू गेलं असणार. ते मला म्हणाले, "उजेड जरा डावीकडे घे गो." थर्मामीटर नऊवर आलं, मग सातवर. दुपारी तीनला चारवर आलं तेव्हा ते उठले, हात धुतले आणि पेटीजवळ खुर्ची ओढून बसले. दुसऱ्या दिवसापर्यंत ते त्या खुर्चीवरून फारसे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता इमारतीची वीज गेली. बाहेर कुठेतरी केबल जळाली होती, दोन तास लागतील असं कळलं. काकांनी घरातल्या सगळ्या गोधड्या काढायला सांगितल्या आणि पेटीवर एकावर एक घातल्या. काचसुद्धा झाकली. "आता वीज येईपर्यंत कुणी उघडायचं नाही, कुणी गोधडी उचलायची नाही," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. फुलं घेऊन आलेली माणसं फुलं हातात धरून उभी राहिली.

आणि नेमकी त्याच वेळी माझी आई आली. मावशीची मोठी बहीण. सावंतवाडीहून मिळेल त्या गाडीने, रात्रभर बसून आली होती. तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, दोघांनी धरून आणली. आत येऊन तिने बघितलं तर समोर गोधड्यांचा ढीग.

"मला तिचं तोंड बघू दे," ती म्हणाली.

"ताई, थोडं थांबा. वीज आली की दाखवतो," काका म्हणाले.

"मला तिच्या कपाळाला हात लावायचाय."

"आत्ता उघडलं तर सगळी थंडी जाईल. मंदारला यायला अजून पाच तास आहेत."

आई खाली बसली. बसली म्हणजे पडल्यासारखी बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, ती काय तुमच्या बोटीवर चढवायचा माल आहे? माझ्या पाठीवर वाढवलीय मी तिला. शेवटची तरी माझ्या हाताला लागू दे."

काका पेटीवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, ते ऐकणार नाहीत. कुणाचं ऐकण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता, त्यासाठी त्यांनी नोकरीत चार वर्षं स्क्रू वाटले होते. त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मग वरची गोधडी काढली. मग दुसरी, तिसरी. झाकणाची बिजागरी नीट नव्हती, झाकण आपोआप उभं राहत नव्हतं. काकांनी ते दोन्ही हातांनी उचलून डोक्याच्या वर धरलं.

"या ताई," ते म्हणाले. "सावकाश बघा. घाई नाही."

आईने मावशीच्या कपाळावर हात ठेवला, केस मागे सारले, कानातलं सरळ केलं. तिच्याशी मालवणीत काहीबाही बोलत राहिली. लहानपणी विहिरीवर काय झालं, भाऊ कसा रागावला, असलं काहीतरी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. झाकण जड होतं. मी धरायला पुढे झाले तर काकांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांचे दंड थरथरत होते आणि डोळ्यांतून पाणी ओघळून मिश्यांत जात होतं. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे पुसता येत नव्हतं. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. आईने शेवटी हात काढला आणि म्हणाली, "मिटा आता." तेव्हाच त्यांनी झाकण खाली केलं.

वीज दीड वाजता आली. मंदार साडेपाचला पोचला. बॅग दारातच टाकून तो पेटीपाशी गेला आणि बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. "आई जशीच्या तशी आहे, बाबा," तो म्हणाला. काकांनी मान हलवली. मग त्यांनी भिंतीवरचं बटण स्वतः बंद केलं, वायर काढली, तिची व्यवस्थित गुंडाळी केली. अंधार पडायच्या आत सगळं आटोपलं. पेटी न्यायला अॅम्ब्युलन्सवाला आला तेव्हा काकांनी त्याला बाजूला घेतलं. "ट्यूबची पट्टी तात्पुरती आहे. रबर बदलून घ्या. पुढच्यांना त्रास नको."

मंदारने त्यांना कॅनडाला न्यायचा फार आग्रह केला. पासपोर्टही काढून ठेवला. काका गेले नाहीत. इथे तुमचं कोण आहे, असं मंदारने विचारलं, तर म्हणाले, "बघू." अजून बघतायत. मी दर दुसऱ्या रविवारी मुलुंडला जाते. डबा नेते. ते खातात आणि मीठ कमी आहे की जास्त ते सांगत नाहीत, कारण विचारणारी मी आहे, मावशी नाही.

गेल्या वर्षी असंच एकदा गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काका मागच्या गल्लीत गेलेत. तिथे एक आजोबा गेले सकाळी. मुलगी ऑस्ट्रेलियाहून यायचीय. आता असं काही असलं की सगळे काकांनाच बोलावतात. अॅम्ब्युलन्सवालाच फोन करतो." मला हे माहीतच नव्हतं. मी जिन्यात बसून राहिले. काकांच्या या भागातल्या किती घरांतली मुलं बाहेर आहेत, ते मी बसल्या बसल्या मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं. दोन तासांनी काका आले. हातात अवजारांची पेटी, शर्टाला पाठीमागे फरशीची धूळ. बाहेरच्या नळावर हातपाय धुतले आणि मग कुलूप काढलं.

"ओळखीचे होते?" मी विचारलं.

"नाही. उद्या दुपारी पोचेल ती. परत जायला हवं जेवून."

"पेटी नीट झाली ना? मग परत कशाला?"

ते खुर्चीत बसले. "घरची माणसं रडून रडून दमतात. मग बसल्या जागी डोळा लागतो त्यांचा," ते म्हणाले. "अशा वेळी कुणीतरी जागं असलेलं बरं."

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर मान छातीवर टेकवून ते झोपले होते, मिश्या श्वासाबरोबर हलत होत्या. मी कप खाली ठेवला, पंखा एकवर केला आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.